इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ: वापरायचा कधी, टाळायचा कधी

‘हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप’ हे सूत्र शाळेत सगळ्यांचंच पाठ झालेलं असतं. तरीही बोलताना चुका होतात, कारण अडतं ते काळ निवडताना. ‘मी काल फॉर्म भरला आहे’ हे मराठीत बिनचूक आहे. तेच ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म येस्टरडे’ असं इंग्रजीत नेलं की चुकलं. मराठीतल्या ‘आहे’ला ‘काल’ चालतो, इंग्रजीतल्या ‘हॅव’ला चालत नाही. म्हणून आधी वेळ पाहायची, मग क्रियापद.

पायरी १: वेळ संपली आहे का?

येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ असा संपलेल्या वेळेचा शब्द वाक्यात असेल तर साधा भूतकाळ: ‘आय फिल्ड द फॉर्म येस्टरडे.’ वेळ सांगायचीच नसेल आणि आत्ताची स्थिती महत्त्वाची असेल, तर ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म.’ म्हणजे काम झालंय, आता पुढचं बोलू.

‘व्हेन’ने विचारलेला प्रश्न नेमकी वेळच मागतो, म्हणून ‘व्हेन हॅव यू कम?’ चूक, ‘व्हेन डिड यू कम?’ बरोबर. गप्पांमध्ये हे दोन काळ पाठोपाठ येतात. ‘हॅव यू एव्हर बीन टू दिल्ली?’ या प्रश्नाला ‘येस, आय हॅव’ म्हणायचं आणि तपशील सुरू झाला की लगेच ‘आय वेंट देअर इन २०२२’ असं भूतकाळात यायचं.

टुडे, धिस वीक, धिस इयर ही वेळ अजून चालू असते, तिथे पूर्ण वर्तमानकाळ चालतो. ‘लास्ट इयर’ संपलेलं वर्ष आहे, पण ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ आजपर्यंत येऊन पोचतं. म्हणून पहिल्याबरोबर भूतकाळ आणि दुसऱ्याबरोबर ‘हॅव’. नुसता ‘लास्ट’ शब्द पाहून निर्णय घेऊ नका.

पायरी २: रूप तपासा

ही, शी, इट आणि एकवचनी नामाला हॅज, बाकी सगळ्यांना हॅव. त्यापुढे तिसरंच रूप हवं: गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, राइट-रोट-रिटन, डू-डिड-डन. ‘आय हॅव वेंट’ किंवा ‘शी हॅज रोट’ हे दुसरं आणि तिसरं रूप वेगवेगळं पाठ न केल्याने होतं. रोजच्या वापरातली तीस-चाळीस अनियमित क्रियापदं मोठ्याने म्हणून पक्की करा, बाकीची हळूहळू येतात.

पायरी ३: मागे सुरू झालं, अजून चालू आहे

मराठी माणसाची सर्वाधिक गल्लत इथे होते. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात मराठी क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, म्हणून तोंडून ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ निघतं. यात दोन चुका आहेत. सुरुवात मागे असली की इंग्रजीला ‘हॅव’ लागतं, आणि कालावधीला ‘सिन्स’ चालत नाही. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स.’

मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘चार दिवसांपासून’ दोन्हींना ‘पासून’ पुरतं. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स: सिन्स मंडे, सिन्स २०१५. मोजलेला कालावधी असेल तर फॉर: फॉर फोर डेज.

मुलाखतीत हा फरक महागात पडू शकतो. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे ती नोकरी सोडली. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’ म्हणा.

पायरी ४: ‘हॅव बीन’ आणि ‘इंग’ कुठे नको

नो, बिलीव्ह, लाइक, ओन ही स्थिती सांगणारी क्रियापदं सहसा ‘इंग’ घेत नाहीत. ‘आय हॅव बीन नोइंग हर’ नाही, ‘आय हॅव नोन हर फॉर फाइव्ह इयर्स.’ किती झालं हे मोजून सांगायचं असेल तरीही ‘इंग’ नको. ‘आय हॅव बीन रीडिंग सिन्स धिस मॉर्निंग’, पण ‘आय हॅव रेड थ्री चॅप्टर्स’.

‘हॅज बीन डन’ आणि ‘हॅज बीन डुइंग’ यांची सरमिसळही टाळा. पहिल्यात काम केलं गेलं आहे, दुसऱ्यात कुणीतरी ते करत आला आहे.

पायरी ५: सोबतचे छोटे शब्द

जस्ट म्हणजे आत्ताच, ऑलरेडी म्हणजे आधीच. हे दोन्ही बहुधा हॅव आणि तिसऱ्या रूपाच्या मध्ये बसतात. येट नकारात आणि प्रश्नात वाक्याच्या शेवटी येतो. अमेरिकन बोलण्यात ‘डिड यू ईट येट?’ सर्रास ऐकू येतं, ते तिथे चूक मानत नाहीत. परीक्षेत मात्र ‘हॅव यू ईटन येट?’ लिहिणंच सुरक्षित.

‘शी हॅज गॉन टू मुंबई’ म्हणजे ती अजून तिकडेच आहे. ‘शी हॅज बीन टू मुंबई’ म्हणजे जाऊन आली.

सरावासाठी ही चार वाक्यं खालची उत्तरं झाकून करा: मी हा सिनेमा पाहिला आहे. मी हा सिनेमा रविवारी पाहिला. तो दोन तासांपासून अभ्यास करतोय. आम्ही एकमेकांना २०१५ पासून ओळखतो.

उत्तरं क्रमाने: ‘आय हॅव सीन धिस फिल्म.’ ‘आय सॉ धिस फिल्म ऑन संडे.’ ‘ही हॅज बीन स्टडीइंग फॉर टू अवर्स.’ ‘वी हॅव नोन इच अदर सिन्स २०१५.’ तिसरं किंवा चौथं चुकलं असेल तर पायरी ३ आणि ४ पुन्हा वाचा.