गाडीत चुकीचं ऑइल पडलं? आधी चावी काढा, मग हे करा

मागच्या डिसेंबरात सेलूला काकाकडं होतो. सर्व्हिसिंगला परभणीला कोण जाणार म्हणून चुलतभावानं घरीच पेट्रोल कारचं ऑइल बदललं, आणि टाकलं काय तर शेडमधला ट्रॅक्टरचा कॅन, २०डब्ल्यू-४०. गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय. सकाळी थंडीत सेल्फ मारला तर वरच्या बाजूनं खडखड खडखड, चार-पाच सेकंद, मग आवाज गेला. काका म्हणले, आपल्याकडं ४३ डिग्री ऊन, इथं घट्टच तेल पाहिजे, चला आता तुळजापूरला. मी चावी काढून घेतली.

हे घट्ट तेलाचं लै जणांच्या डोक्यात बसलंय म्हणून आधी तेच सांगतो. बाहेर ४३ असो नाहीतर १०, इंजिन एकदा गरम झालं की थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्याला साधारण ९०-१०० डिग्रीवरच ठेवतात. ग्रेडमधला (२०डब्ल्यू-४० असा तेलाच्या घट्टपणाचा नंबर) मागचा आकडा १०० डिग्रीलाच मोजलेला असतो, म्हणजे उन्हाचा हिशोब कंपनीनं आधीच केलाय. पुढचा आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीतला. परभणीत हिवाळ्यात पारा कधी कधी ५ च्या खाली जातो, अशा सकाळी २० वालं तेल वर चढायला वेळ लावतं, तोवर लोखंडावर लोखंड घासतं. तो खडखड त्याचाच होता. नव्या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक असतात, व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा तेलाच्या प्रेशरवर चालतं, त्यामुळं घट्ट तेलानं पिकअप आणि मायलेज दोन्ही पडतं. उलट पुस्तकापेक्षा लै पातळ टाकलं तर गरम झाल्यावर प्रेशर पडतं, ते जास्त वाईट.

तर करायचं काय, आधी कॅन शोधा आणि त्यावरचं वाचा. ग्रेड बघा, मग एपीआय (तेलाच्या दर्जाचा कोड) बघा, एस नं सुरू होणारं (एसएन, एसपी) पेट्रोलचं, सी नं सुरू होणारं (सीआय-४, सीके-४) डिझेलचं, काहींवर दोन्ही असतं. जासो एमए (जपानी दर्जाचा शिक्का) लिहिलं असेल तर ते मोटारसायकलचं. आता किती घाबरायचं ते यावरून ठरतं.

५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० पडलं, तर गाडी चालवा, पुढचं ऑइल चेंज थोडं लवकर करा, बस. आमच्यासारखं लैच घट्ट पडलं तर घरीच काढा, रस्त्यात कळलं तर रेस न देता जवळच्या मिस्त्रीपर्यंत जा, पण ऑइलचा लाल दिवा लागला की जागेवर बंद. बीएस६ डिझेल असेल (१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर साधं डिझेल ऑइल जास्त दिवस ठेवू नका, त्याच्या राखेनं फिल्टर भरत जातो आणि तो फिल्टर लै महाग आहे.

आणि ट्रॅक्टरचं गिअर-हायड्रॉलिकचं तेल, ब्रेक ऑइल किंवा कूलंट पडलं असेल तर सेल्फ मारूच नका, एकदाही नाही! कॅन सारखेच दिसतात, शेडमधी अंधार असतोय, घोटाळा होतोच. ब्रेक ऑइलनं रबराचे सील फुगतात. गाडी टोचन करून न्या नाहीतर जागेवरच काढा.

काढताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, मागं ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, खाली स्टँड लावा. खाली घमेलं, ड्रेन नट खोला, घाई करू नका, शेवटचा थेंब पडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं द्या. वायसर नवीन टाका. फिल्टरही बदला, जुन्यात चुकीचं तेल भरलेलं असतं आणि लोक नेमकं तेच वाचवायला बघतात. नवीन फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावा, हातानंच आवळा. ब्रेक ऑइल, कूलंट असं काही असेल तर आधी योग्य ग्रेडचं स्वस्तातलं तेल टाकून चार-पाच मिनिटं आयडलवर चालवा, ते काढा, मग चांगलं टाका. डिझेलनं किंवा रॉकेलनं इंजिन धुऊ नका, कुणी कितीही सांगू द्या, थोडं आत राहतंच आणि नवीन तेल पातळ करतं.

तेल भरून इंजिन जागेवरच दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग तेल मोजायची पट्टी बघा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर जास्तीचं काढा, जास्त तेलाला फेस येतो. काळं तेल नालीत, बांधावर ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या.

आमच्या गाडीचा आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी आला नाही. भावानं बॉनेटच्या आतून पांढऱ्या पेंटनं ०डब्ल्यू-२० लिहून ठेवलंय, आणि ट्रॅक्टरचे कॅन आता शेडच्या दुसऱ्या टोकाला असतात.