झटपट आइस्ड ग्रीन टी
आइस्ड ग्रीन टी फ्रीजमध्ये तासन् तास ठेवायची काही गरज नाहीये, फक्त डबल स्ट्राँग करायची, म्हणजे एक कप पाण्याला दोन टी बॅग्स. पाणी उकळलं की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, ८० डिग्रीच्या आसपास येऊ द्या, कारण खळखळत्या पाण्यात ती कडूजार होते आणि मग लोक म्हणतात आम्हाला ग्रीन टी आवडतच नाही! बॅग्स दोन-तीन मिनिटंच ठेवा, काढताना पिळू नका. मध गरम असतानाच ढवळा, गार झाल्यावर तो तळाला चिकटून बसतो. आता ग्लास काठोकाठ बर्फाने भरा आणि वरून ओता, बर्फ तडतडतो, थोडा वितळतो, चव बरोबर जागेवर येते. वरून लिंबू पिळा, पुदिना हातानेच चुरडून टाका.