परसातल्या दालचिनीची साल कशी काढावी

खानदेशी काळ्या मसाल्यात पडणारी दालचिनी बरेचदा खरी दालचिनी नसतेच. तो चीन, इंडोनेशिया किंवा व्हिएतनामकडचा कॅसिया (दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल) असतो: जाड, कडक, एकेरी वळलेला. श्रीलंकेच्या खऱ्या दालचिनीत कागदासारख्या पातळ साली एकात एक गुंडाळलेल्या असतात आणि ती बोटांनी चुरते. तेच झाड केरळात आणि कोकणातही होतं. जळगाव-धुळ्याच्या कोरड्या उन्हात त्याचं पीक घेणं परवडणारं नाही, पण घरापुरतं एक झाड नक्की जगवता येतं.

जून-जुलैत नर्सरीतून रोप आणा. बी टिकत नाही, त्या वाटेला जाऊ नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ जात मिळाली तर उत्तम. जागा घराच्या पूर्वेला निवडा, म्हणजे दुपारनंतर सावली मिळेल. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून दोन फुटी खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा. उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळा पसरा आणि ओल तुटू देऊ नका.

दोन वर्षांनी झाड जमिनीपासून १५ सेंमीवर छाटायचं. हात धजत नाही, पण छाटलं नाही तर एकच खोड जाड होतं आणि साल खरबरीत निघते. बुंध्याला माती लावा. येणाऱ्या फुटव्यांपैकी सरळ असे चार-पाच ठेवा आणि ते अंगठ्याएवढे जाड होऊ द्या.

साल काढायची वेळ पावसाळ्यात किंवा तो सरताना येते. कोवळी तांबूस पालवी हिरवी झाली की एका फांदीला चाकूने चीर द्या. साल सहज सुटली तर कापा; चिकटून राहिली तर आठ-दहा दिवस थांबा. जबरदस्ती केली की फक्त तुकडे हाती येतात.

कापलेली फांदी त्याच दिवशी सोला, वाळली की साल लाकडाला धरते. आधी वरची तपकिरी खरबरीत साल बोथट चाकूने खरवडून टाका; ती राहिली तर कडवटपणा येतो. मग पितळी दांड्याने फांदी दाबून घासा, त्याने आतली साल मोकळी होते. दर ३० सेंमीवर गोल काप द्या, समोरासमोर दोन उभ्या चिरा पाडा आणि चाकूचं टोक आत सरकवत साल अलगद उचला.

बारीक तुकडे मोठ्या सालींच्या पोटात भरून कांड्या करा. त्या घरात, वारा खेळेल अशा सावलीत चार-पाच दिवस ठेवा; साल आपोआप आत वळते. ऑक्टोबरच्या उन्हात थेट टाकल्या तर वाकड्या होऊन तडकतात. शेवटी एक दिवस सकाळचं कोवळं ऊन पुरे. वाकवल्यावर काडकन मोडली की घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, त्याआधी भरली तर बुरशी धरते.

उरलेला चुरा मसाल्यात वापरा. पानं चुरगळली तर लवंगेचा वास येतो, कारण त्यांच्या तेलात लवंगेतलंच युजेनॉल हे द्रव्य असतं. सालीच्या तेलात मुख्यतः सिनामाल्डिहाइड असतं, दालचिनीची ओळखीची चव त्याचीच. म्हणून सालीऐवजी पानं घातली तर ती चव येणार नाही.