दिव्यांग कर्मचारी रुजू झाल्यावर कंपन्या करतात त्या चुका टाळा

दृष्टिहीन मुलामुलींना संगणक शिकवणं आणि नोकरी लागली की त्यांच्या ऑफिसात जाऊन सुरुवातीची घडी बसवून देणं, हे माझं काम. कंपन्या बदलतात, चुका त्याच राहतात. त्यातली सगळ्यात मोठी चूक चांगल्या मनानं केली जाते, म्हणून ती कुणाला चूक वाटतच नाही: माणसाला नोकरी द्यायची, पण काम द्यायचं नाही.

पुण्याजवळच्या एका कंपनीत आमची एक विद्यार्थिनी अकाउंट्समध्ये लागली. पूर्ण अंध, पण एक्सेलवर हात बसलेला. थोड्याच दिवसांत तिचा फोन आला, "मॅडम, पगार वेळेवर होतो, पण दिवसभर नुसती बसून असते. कधीतरी फोन घ्यायला सांगतात." मी मॅनेजरना भेटले. ते मनापासून म्हणाले, "अहो, तिला कशाला त्रास द्यायचा? बसू दे निवांत."

चौकशी केल्यावर खरं कारण कळलं. पहिल्याच दिवशी तिच्यापुढे व्हेंडरची बिलं ठेवली होती, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, अक्षरं वाचतो. फोटोतलं त्याला आपोआप वाचता येत नाही, त्यामुळे तिला काहीच ऐकू येईना. बघणाऱ्यांनी लगेच निष्कर्ष काढला की हिला जमत नाही. तिला कुणी विचारलंच नाही. मी विचारल्यावर तिनंच सांगितलं, "ही बिलं आधी मेलवर येत असतील ना? मग मला मेलच पाठवा." झालं होतं असं, की मेलवर आलेलं बिल प्रिंट करून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करायची तिथे पद्धत होती. मूळ मेल तिला फॉरवर्ड होऊ लागले आणि काम सुरू झालं. खर्च शून्य. तिच्या संगणकावरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही फुकट मिळतो. आता व्हेंडरच्या खात्यांचा ताळमेळ तीच घालते.

म्हणून माझी एक सवय आहे. कुणी रुजू व्हायच्या आधी मी त्या ऑफिसात जाते, माऊस काढून बाजूला ठेवते आणि टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांवर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बिल भरून बघते. मी अडकले तिथे आमची मुलंही अडकणार. ती यादी आयटीवाल्यांच्या हातात द्यायची. हे सोडून "दिव्यांगांसाठी काय काय घ्यावं लागतं, लिस्ट पाठवा" असा मेल करणारे एचआर मला रोज भेटतात. अशी लिस्ट नसते. समोरच्या माणसाला विचारा, तुमचं काम कसं चालतं आणि कुठे अडतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, आणि एकाच प्रकारातल्या दोघांच्या गरजाही सारख्या नसतात. वाजवी सोय, म्हणजे काम करता यावं म्हणून मालकाला झेपेल असा गरजेचा बदल, नाकारणं हा त्याच कायद्यानं भेदभाव ठरतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरी चूक घाईची. आठवड्याभरात "जमत नाही" असा शेरा मारून मोकळं व्हायचं. डोळस नवख्याला तीन महिने सांभाळून घेता ना, मग इथे घाई का?

कर्णबधिर सहकाऱ्याला सगळं लिहून दिलं की झालं, असं समजू नका. लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या अनेकांना लांबलचक मराठी किंवा इंग्रजी मजकूर जड जातो. महत्त्वाच्या मीटिंगला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलवा. रोजच्या कामाला छोटी वाक्यं, आणि बोलताना तोंड त्यांच्याकडे.

रॅम्प बांधताना जागा वाचवू नका. उंचीच्या बारा पट लांबी हवी. दोन पायऱ्यांची उंची 30 सेंमी असेल तर उतार 3.6 मीटरचा. त्याहून उभा रॅम्प व्हीलचेअरवाल्याला दुसऱ्याच्या हाताशिवाय चढणं अवघड जातं.

दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सगळ्यांदेखत मागू नका.

नोकरीत असताना अपघातानं किंवा आजारानं दिव्यांगत्व आलेल्याकडून राजीनामा लिहून घेण्याचा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. सरकारी आस्थापनेला तर 2016 च्या त्याच कायद्याच्या कलम 20 नुसार अशा माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. खासगी मालकांनीही निदान तेवढी माणुसकी पाळावी.

दिव्यांगांसाठीचं समान संधी धोरण नेटवरून उतरवून, कंपनीचं नाव बदलून फाईलला लावू नका. 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर कोणती पदं दिव्यांगांसाठी योग्य आहेत, कोणत्या सोयी आहेत आणि संपर्क अधिकारी कोण, हे त्यात असावं लागतं. मी जाते तिथे संपर्क अधिकाऱ्याचं नाव विचारते. बऱ्याचदा आपण संपर्क अधिकारी आहोत हे त्या अधिकाऱ्यालाच माहीत नसतं.

आणि आगीचा सराव. "तुम्ही जागेवरच थांबा, उगाच धावपळ नको" म्हणून दिव्यांगांना त्यातून वगळतात. असं अजिबात करू नका. कर्णबधिरांसाठी भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा लावा. अंध सहकाऱ्याला जिन्याची वाट आधी एकदा चालवून दाखवा. व्हीलचेअरवाल्याला खाली कोण आणणार ते नाव घेऊन ठरवा, आणि तो आणणारा रजेवर असेल त्या दिवशी दुसरं कोण, तेही.