चाळिशीनंतर बासरी शिकताना : शुद्ध मध्यमाची घाई नको

मोठ्या वयात बासरी हाती घेणाऱ्याने पहिले काही महिने शुद्ध मध्यमाच्या, म्हणजे सा रे ग म मधल्या साध्या म च्या, वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. चाळिशी उलटल्यावर शिकलो. आता संध्याकाळी माझ्या ओट्यावर मोठी माणसं शिकायला बसतात. त्यांत एक जिनिंगमधला फिटर आहे, एक निवृत्त गुरुजी, दोन अंगणवाडी ताई. बहुतेकांची गाडी तिथंच अडते. कारण पुढं सांगतो, आधी बासरी घेऊ.

यात्रेतली घेऊ नका. मुक्ताईनगरच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत, सारंगखेड्याला, काठीला खोचून विकायला येतात त्या बासऱ्या लेकरांच्या हौसेला ठीक. त्यांची छिद्रं अंदाजानं पाडलेली असतात, तानपुऱ्याशी जुळत नाहीत. लेकराला त्याचं काही वाटत नाही. मोठ्या माणसानं मात्र आयुष्यभर भजनं-गाणी ऐकलेली असतात, बेसूर वाजलं की त्याला लगेच कळतं. मग दोष आपलाच, आपल्याला हे जमणार नाही, असं धरून तो बासरी माळ्यावर टाकतो. बासरी खोटी होती हे त्याला कुणी सांगत नाही.

आपल्या सातपुड्यातला बांबू जाड आणि भरीव, पेरं जवळजवळ. बासरीला पातळ सालीचा, लांब पेराचा बांबू लागतो, तो आसामकडून येतो. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतला त्याच्या बासऱ्या मोठ्या प्रमाणात बनतात, मुंबई-पुण्यातही कारागीर आहेत. शिकण्यापुरती चांगली बासरी हजार-दोन हजारांत मिळून जाते. पट्टी, म्हणजे सा किती उंच ते, पेटीवरून (हार्मोनियमवरून) सांगायची : ‘पांढरी पाच’ मागा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सा. ती साधारण दोन फूट लांब असते. बोटं लहान असतील तर पांढरी सहा. मैफलीत दिसते ती बहुधा पांढरी तीन, जवळजवळ अडीच फुटांची. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ही लांब बासरी शास्त्रीय मंचावर आणली आणि तिच्या खर्जाला, म्हणजे खालच्या खोल सुरांना, तोड नाही, पण बोटांची फाक व्हायला वेळ लागतो. तिच्यापासून सुरुवात करू नका.

घेताना दुकानदाराला वाजवून दाखवायला सांगा आणि मोबाईलवर ट्यूनर (सूर बरोबर आहे का ते दाखवणारं ॲप) लावा. फुंकायच्या छिद्राकडून पहिली तीन छिद्रं बंद, खालची तीन उघडी : हा सा. त्याच बोटांवर फुंकर नेटाची केली की वरचा सा. दोन्ही सा जुळले नाहीत तर ती बासरी परत ठेवा, मग दिसायला कितीही सुंदर असो.

आता फुंकर. सगळी छिद्रं उघडी ठेवा, बोटांचा विचारच नको. खालचा ओठ छिद्राच्या साधारण एक तृतीयांश भागावर टेकवा, ओठ किंचित ताणा आणि मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवा. हवा छिद्रात ओतायची नाही, पलीकडच्या काठावर सोडायची. ती काठावर दुभंगते तेव्हाच सूर निघतो. आरशासमोर बसा आणि बासरी बोटभर आत-बाहेर फिरवत राहा. जिथं आवाज भरतो ती जागा ओठांच्या लक्षात राहू द्या.

आमचा फिटर मूळचा अमळनेरचा. एप्रिलमध्ये पहिल्यांदा आला आणि थोड्या वेळानं म्हणाला, “फुकी फुकी दमी गऊ भाऊ, पन आवाजच निंघत नही.” मी त्याचे ओठ पाहिले, सगळं बरोबर होतं. तो कूलरसमोर बसला होता. ओठातून निघालेली बारीक धार काठावर पोचायच्या आधीच कूलरचा वारा तिला उडवून लावत होता. पाठ फिरवून बसला आणि सूर लागला. पंख्याखाली, गच्चीवर, केळीच्या बागेत वारा सुटल्यावर हेच होतं. खान्देशात उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणं जिवावर येतं, म्हणून रियाज पहाटे सूर्य वर यायच्या आत करा.

चक्कर आली तर थांबा. जोरजोरात फुंकून छातीतला श्वास फार वेगानं बाहेर जातो, त्यानं डोकं हलकं होतं. बसून साधा श्वास घ्या, मग हलकेच सुरू करा. सूर निघायला फार जोर लागत असेल तर ओठांमधली फट मोठी झाली आहे, छाती कमी पडत नाही. तंबाखू-गुटख्याबद्दलही बोललं पाहिजे. गुटख्यानं गाल आणि ओठ आतून आखडत जातात, तोंड नीट उघडत नाही, आणि बासरी ओठांच्या नरमाईवर चालते. शिकायचं असेल तर हे सोडा. तोंड उघडायला आताच त्रास होत असेल तर बासरीच्या आधी डॉक्टर गाठा.

बोटं एकेक करून ठेवायची, डाव्या हाताच्या तर्जनीपासून. एक छिद्र बंद : ग. दोन : रे. तीन : सा. म्हणजे बासरीवर माणूस ग-रे-सा असं उतरत शिकतो. पुढं उजव्या हाताची बोटं येतात : चार बंद की मंद्र (खालच्या सप्तकातला) नी, पाच बंद की मंद्र ध, सहाही बंद की मंद्र प. छिद्र बोटाच्या टोकानं झाकू नका, मऊ गादीनं झाका आणि बोटं सरळ ठेवा. मंद्र प वाजत नसेल तर कुठून तरी हवा गळते आहे, बहुतेक वेळा उजव्या अनामिकेखालून. केळीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण : बोटांवरचा चीक. वाळला की कातडी खरखरीत होते आणि छिद्र पुरतं झाकत नाही. बोटांना खोबरेल चोळा, मग साबणानं धुवा, पूर्ण कोरडी झाल्यावरच बासरी धरा.

आता मध्यम. पेटीवर सा रे ग म प ध नी म्हणजे सात पट्ट्या, प्रत्येकीला सारखाच जोर. बासरीवर तसं नाही. सगळी छिद्रं उघडली की येतो तो तीव्र मध्यम, शुद्ध मध्यमापेक्षा चढा. शुद्ध मध्यमासाठी पहिलं छिद्र अर्धं झाकावं लागतं, आणि हे अर्धं म्हणजे किती ते प्रत्येक बासरीत वेगळं. नवख्याचा हात तिथं डगमगतो, कान शंका घेतो आणि बाकीचे लागलेले सूरही बिघडतात. पेटीच्या सवयीनं सगळे पहिल्याच आठवड्यात इथं येऊन थडकतात.

म्हणून माझ्या ओट्यावर पहिला राग भूप. सा रे ग प ध : मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही, अर्धं छिद्र कुठंच नाही. त्यात एकच अवघड जागा आहे, ग वरून प वर जाणं. ग ला एक बोट, प ला सहाही बोटं, शिवाय हा मधल्या सप्तकातला प, म्हणून मंद्र प च्याच बोटांवर फुंकर बारीक आणि धारदार करायची. पाच बोटं एकदम, एका आवाजात पडली पाहिजेत. एक जरी मागं राहिलं तर मधे भलताच सूर डोकावतो. ग-प, ग-प, प-ग, इतकंच सावकाश घोटा. घाईत वाजवलं तर ती चूक बोटांत मुरते आणि मग काढायला दुप्पट वेळ जातो. ओठ पिळून प काढू नका. फट लहान केली आणि पोटातून हवेचा आधार दिला की तो आपोआप वर येतो. माझ्या गुरुजींनी मला हे ग-प इतकं घोटवलं की शेजारी कंटाळले, आणि आज शिकवताना मीही तेच करतो. गाण्याची चाल दोन दिवसांत बसते आणि दोन दिवसांत विरते, हा पंचम (प) एकदा बसला की राहतो.

भूप स्थिरावला की यमन. त्यात मध्यम तीव्र, म्हणजे सगळी छिद्रं उघडी, इथंही अर्धं काही नाही. तोवर रोज पहाटे खर्ज भरा. मंद्र प, ध, नी आणि सा, एकेक सूर एका श्वासात, आवाज कापेपर्यंत न ओढता.

तानपुरा मोबाईलवर चालतो, फक्त पट्टी ऋतूप्रमाणे सरकवा. गरम हवेत आवाज जास्त वेगानं धावतो. १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४४ अंशांना सुमारे ३५७ मीटर. म्हणून मे महिन्यात तीच बासरी चढी वाजते आणि डिसेंबरच्या पहाटे उतरी. थंडीत छिद्रं झाकून थोडा वेळ आत गरम श्वास सोडा, मगच सूर जुळवा. उन्हाळ्यात ॲपमध्ये तानपुरा किंचित वर घ्या, ओठ वाकवून सूर खाली ओढत बसू नका.

रात्रीच्या लाईटला पाणी भरायला जाणारे शेतकरी मोटारीजवळ बासरी काढून बसतात. वेळ चांगली, पण डीपीपासून (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब बसा. ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीचा सूर मूळ १०० हर्ट्झचा, आणि पांढरी पाचचा सा दोन सप्तकं खाली धरला तर ९८ चा. इतका जवळचा, तरी वेगळा सूर सतत कानावर पडला तर सा नकळत वर सरकतो.

आपल्या कोरड्या उन्हात बांबू तडकतो. बासरी गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. महिन्यातून एकदा कापडाच्या बोळ्यानं आतून-बाहेरून मोहरीच्या तेलाचा हलका हात द्या, फुंकायच्या छिद्राची कड मात्र कोरडी ठेवा. दोऱ्याचे वेढे सैल झाले तर लगेच आवळून घ्या.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सातपुड्यातले आदिवासी ढोलाबरोबर बासरी वाजवतात, ती जाऊन ऐका. तिला तानपुऱ्याशी जुळवायचा प्रश्नच नाही. श्वास किती मोकळा असू शकतो ते तिथं कळतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायची असेल तर द्या, तारखेमुळे रियाजाला शिस्त येते. मात्र अभ्यासक्रमात शुद्ध मध्यमाचे राग असतील तर गुरूंना विचारून अर्ज एक सत्र पुढं ढकला.

मग मध्यमाला बसा. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमावर लावा. तर्जनी उचलू नका, तिथल्या तिथं बाहेरच्या बाजूला कलती करा आणि सूर तारेत मिसळेपर्यंत केसभर सरकवा. ग-म-ग असं वाजवा. ग ला बोट पूर्ण बसलं पाहिजे, म ला परत त्याच कोनात आलं पाहिजे. ते बोट न बघता जमू लागलं की राग दुर्गा घ्या : सा रे म प ध.