बातमीतले पाटील नक्की कोणते, हे कसं ओळखायचं

हेडलाइनमध्ये नुसतं 'पाटील यांचा इशारा' दिसलं की लगेच मत बनवू नका, आधी मतदारसंघ बघा. पक्ष नंतर बघितला तरी चालेल, कारण लोक पक्ष बदलतात, गाव सहसा बदलत नाही. आणि आडनावाचं सोडा, इथे अख्खं नावच सेम असतं. जयंत पाटील दोन, एक सांगलीकडे इस्लामपूरचे राष्ट्रवादीचे आणि दुसरे अलिबागचे शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष), आणि कित्येक वर्षं दोघंही एकाच वेळी विधिमंडळात, एक विधानसभेत तर एक विधान परिषदेत. चंद्रकांत पाटील तर तीन आहेत! कोथरूडचे भाजपचे, मुक्ताईनगरचे जे २०१९ ला अपक्ष निवडून आले, आणि गुजरातच्या नवसारीचे खासदार सी. आर. पाटील, त्यांचंही नाव चंद्रकांतच.

इनिशियल्स नीट वाचा. नवी मुंबईत तर जास्तच, कारण नेरूळचं स्टेडियम डी. वाय. पाटील यांच्या नावाचं, शिक्षण संस्थावाले, जे पुढे राज्यपाल पण झाले. आणि विमानतळाच्या नावासाठी आंदोलन झालं ते दि. बा. पाटील यांच्यासाठी. दि. बा. म्हणजे शेकापचे नेते, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा १९८४ च्या आंदोलनात शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले, साडेबारा टक्के विकसित जमीन भूमिपुत्रांना मिळाली ती त्या लढ्यामुळे. या दोन नावांची अदलाबदल झाली की उरण-पनवेलच्या माणसाला खरंच लागतं, म्हणून लिहितानाही काळजी घ्या.

जोडआडनाव असेल तर 'पाटील'च्या आधीचा शब्द धरा: विखे, मोहिते, जरांगे, नांगरे. कादंबरीकार विश्वास पाटील आणि पोलीस अधिकारी विश्वास नांगरे पाटील, फरक त्या एका 'नांगरे'चा.

निवडणुकीत तर पूर्ण नावाशिवाय वाचूच नका. २०२४ ला सांगली लोकसभेला भाजपचे संजयकाका पाटील, ठाकरे गटाचे पैलवान चंद्रहार पाटील आणि अपक्ष विशाल पाटील, म्हणजे मुख्य लढतीत तिन्ही पाटीलच, जिंकले विशाल, वसंतदादांचे नातू.

आडनावावरून जात तर अजिबात काढू नका. पाटीलकी हे गावचं वतन होतं त्यामुळे मराठा, आगरी, लेवा, लिंगायत, जैन सगळ्यांत पाटील आहेत, आणि माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचं सासर शेखावतांचं.

सगळ्यात जपून वाचायची ती अटकेची किंवा घोटाळ्याची बातमी. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं ना, ते शोधा, मग गाव, वय, पद. यातलं काहीच दिलेलं नसेल तर ग्रुपवर टाकू नका, त्याच नावाचा एखादा मास्तर किंवा दुकानदार तुमच्याच तालुक्यात असतो आणि दिवसभर फोन त्याला येतात.