ब्रिटनचा ई-व्हिसा आणि नवा पासपोर्ट: सोलापूर सोडण्याआधी एवढं करा

ब्रिटनमधलं बीआरपी कार्ड (तिथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड) जाऊन आता ई-व्हिसा, म्हणजे त्या परवान्याची ऑनलाइन नोंद, आलाय, आणि तो पासपोर्टच्या नंबराला जोडलेला असतो. सुट्टीत सोलापुरात येऊन पासपोर्ट नवा केला, तर परतताना विमानतळावर अडचण होऊ शकते.

१. नवा पासपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) वरच्या तुमच्या ऑनलाइन खात्यात त्याची माहिती भरा. बदल लगेच दिसेलच असं नाही, म्हणून मुंबईची गाडी पकडायच्या दिवसापर्यंत थांबू नका.
२. बदल दिसल्यावर शेअर कोड, म्हणजे ई-व्हिसा दुसऱ्याला दाखवण्यासाठीचा कोड, काढा. तो ९० दिवस चालतो.
३. जुना पासपोर्टही सोबत असू द्या.

हे सगळं सरकारी संकेतस्थळावर फुकट होतं. खात्याची लॉगिन माहिती एजंटाला अजिबात देऊ नका.